दुसऱ्या अंकात ताई कुठे होत्या?

१

आप्पांचं नाव शोधलं, त्यांच्या पानावर बोट ठेवलं, आणि आप्पा नाहीसे झाले.

देहाने ते आमच्यासमोरच बसले होते. रंगपटातल्या आरशापुढे, बल्बांच्या उजेडात, रागाने लालबुंद. नाहीसं झालं होतं ते त्यांच्या नाटक मंडळीच्या वेबसाइटवरचं पान. त्या पानावर एरवी आप्पांचा करारी फोटो असतो आणि खाली ठळक अक्षरांत 'स्मरणशक्तीचा चमत्कार! प्रॉम्प्टरशिवाय रंगमंच गाजवणारा नट' असं लिहिलेलं असतं. आज ते पान क्षणभर चमकलं आणि त्याच्या जागी एक हिरवी बाटली उभी राहिली. शेजारी ओळ होती, 'टक्कल विसरा! दाट केसांसाठी आजच गोळ्या मागवा!'

आप्पांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. मी खालचा ओठ दातांखाली धरला आणि छताकडे बघत राहिलो. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लोकांच्या वेबसाइटींची दारं-खिडक्या नीट लागतात की नाही हे तपासणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून मी सोबत असतो. मी विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात जन्म घालवला आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे या जोडीतला खरा गुप्तहेर मी, असं माझं मत. वहिनींच्या मते मी ड्रायव्हर.

"हे बाहेरच्याचं काम नाही," आप्पा गरजले. "बाहेरचा आला असता तर पैसे मागितले असते. माझंच पान, माझंच टक्कल! हा घरभेदीपणा आहे. आणि भेदी कोण तेही मला कळलंय."

"कोण?"

"तिकीटताई. साइट जिथे ठेवलीय त्या कंपनीच्या माणसाला सकाळी फोन केला. तो म्हणाला, काल दुपारी पानं बदलली ती ताईंच्या नावाने आत शिरून. आणि केव्हा? आमच्या प्रयोगाचा दुसरा अंक चालू असताना! मी तिकडे रंगमंचावर घाम गाळतोय आणि ही बाई इकडे खिडकीत बसून माझ्या डोक्याची शोभा करतेय. संध्याकाळच्या प्रयोगाआधी ती या इमारतीतून गेली पाहिजे. तुम्ही फक्त पुरावा लिहून द्या."

"मिळाला तर देईन," वहिनी म्हणाल्या. "ज्याच्याविरुद्ध मिळेल त्याच्याविरुद्ध."

आप्पांना हे फारसं आवडलं नाही.

"एक सांगा, हे पान तुम्ही उघडता कसं? पत्ता टाकून?"

आप्पा एकदम आरशातल्या पावडरच्या डबीकडे बघायला लागले. "रोज सकाळी मी… माझं नाव शोधतो. नटाला कळायला नको का, लोक काय म्हणतात ते? त्यात सगळ्यात वर आमच्या साइटवरचं माझं पान येतं. त्यावर बोट ठेवतो."

"आणि साइटवरची बाकीची पानं?"

"बाकीच्या पानांवर मी कुठे आहे?" आप्पा म्हणाले.

२

तिकीटताईंची खोली म्हणजे एक खिडकी आणि तिच्यामागे जेमतेम मावणारी खुर्ची. ताईंची मुलगी याच खिडकीखाली बसून अक्षरं गिरवायला शिकली आणि आता नोकरीलाही लागली. ताई अजून तिथेच आहेत. रडून झालं होतं, तोंड धुऊन झालं होतं, आणि टेबलावरची रबरी शिक्के-पेनं त्यांनी डब्यात भरायला घेतली होती.

"नोकरी गेली तर गेली," त्या म्हणाल्या. "पण चोर म्हणून जायचं? उद्या माझ्या मुलीला कुणी विचारलं, तुझी आई तिथून का गेली, तर तिने काय सांगायचं?"

"डबा खाली ठेवा," वहिनी म्हणाल्या. "अजून संध्याकाळ झालेली नाही. मला साइट दाखवा."

ताईंनी संगणकावरच्या खुणेवर बोट दाबलं. साइट उघडली. पहिलं पान, नाटकांची माहिती, आप्पांचा करारी फोटो, सगळं जागच्या जागी. बाटली नाही की गोळी नाही.

"सकाळपासून मी हेच सांगतेय. मला तर काहीच वेगळं दिसत नाही. आप्पा म्हणतात, मी डोळ्यांत धूळ फेकतेय."

मी वहिनींच्या कानाशी लागलो. "लाज वाटून परत सरळ केलं असणार."

"भावजी, तुमच्या फोनवर आप्पांचं नाव शोधा."

मी शोधलं. बोट ठेवलं. हिरवी बाटली! एकाच खोलीत, एकाच वेळी, ताईंच्या पडद्यावर आप्पा आणि माझ्या पडद्यावर गोळ्या.

वहिनींनी नुसतं "हं" केलं. मग ताईंना विचारलं, "अपडेट कोण करतं?"

"मीच. दर सोमवारी. साइटवर फोटोंसाठी, तिकिटांसाठी, लोकांच्या निरोपांसाठी असे वेगवेगळे प्लगइन, म्हणजे जोडलेले छोटे प्रोग्राम आहेत ना, त्यांच्या कंपन्या सांगतात, अमक्यात भोक सापडलंय, बुजवून घ्या. मी एकही सोमवार सोडलेला नाही. ताप असतानाही घरून केलंय." त्यांनी यादी उघडून दाखवली. प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण.

वहिनींनी एकेक ओळ तपासली. "चोख आहे. इतकं चोख मी बँकांमध्येही बघत नाही. आत शिरायचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"फक्त मला," ताई म्हणाल्या, आणि आपण स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला हे लक्षात येऊन पुन्हा डबा भरायला लागल्या.

आत तालीम चालली होती. भिंतीपलीकडून आप्पांचा आवाज येत होता. ताईंचे ओठ बारीक हलत होते. मला वाटलं, संकटात माणूस देवाचं नाव घेतोच.

"काल दुसऱ्या अंकात तुम्ही या खिडकीत होतात?"

"नाही."

"मग कुठे?"

ताईंनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "नोकरी गेली तरी नाही."

३

विमा कंपनीत आमचा एक नियम होता: जो जागा सांगत नाही, तो जागेवर नसतो. मी तो वहिनींना जिन्यात ऐकवला. त्या म्हणाल्या, "जिना बघून उतरा." आणि आम्ही सामानकाकांच्या खोलीत शिरलो.

सामानकाका मंडळीचे कपडे, टोप आणि इतर सामान सांभाळतात. खोलीत पाऊल टाकलं आणि मला वाटलं, माझ्या चष्म्यात काहीतरी बिघाड झाला. सगळंच दोन-दोन! दोन काठ्या, दोन टेलिफोन, दोन सारख्या किटल्या, एका मुठीच्या दोन तलवारी. दारावर पाटी होती: 'एकच असेल तर काहीच नाही.' अशीच पाटी मी विंगेच्या तोंडाशीही पाहिली होती.

"आप्पांचा हुकूम," काका म्हणाले. "पूर्वी एकदा ऐन प्रयोगात तलवार मोडली आणि आप्पांना छत्रीने लढावं लागलं. तेव्हापासून इथे प्रत्येक वस्तूला बदली, प्रत्येक नटाला बदली. नायक आजारी पडला तर बदली नट तयार, किटली फुटली तर बदली किटली तयार. आणि बदली नुसती ठेवून भागत नाही, अर्ध्या रात्री हाक मारली तरी उभी राहिली पाहिजे."

"आप्पांवर तुमचा राग आहे म्हणे," मी मध्येच खडा टाकला.

"आहेच की! त्यांच्यासाठी एकेक केस ओवून टोप केला. घातला, आरशात बघितलं आणि म्हणाले, 'मी यात माझ्या सासूसारखा दिसतो.' फेकून दिला हो! वर बदली टोपही फेकला!" काकांनी कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवलं. आत दोन टोप एकमेकांना बिलगून पडले होते. "पण राग आला म्हणून मी साइट कशी फोडणार? मला फोनवर फक्त फोन घेता येतो. फार तर काही शोधता येतं, तेही बोलून."

"अलीकडे काय शोधलंत?" वहिनींनी विचारलं.

"सकाळीच. पाहुण्यांना प्रयोगाची वेळ सांगायची होती. फोनला मंडळीचं नाव सांगितलं, वरचं पहिलं दाबलं, तर कसल्या केसांच्या गोळ्या! मला वाटलं, तिकीटविक्री होत नाही म्हणून आप्पांनी औषधाचा जोडधंदा काढला."

"आप्पांच्या पानावर?"

"छे! आप्पांचं पान मी कशाला उघडू? मंडळीच्या पहिल्याच पानावर."

वहिनींच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. मला काही त्यात हसण्यासारखं दिसलं नाही. दारातून बाहेर पडताना त्यांनी सहज विचारलं, "काका, मग ताई गेल्या तर त्यांची बदली कोण?"

"खिडकीत कुणीही बसेल हो. पण दुसऱ्या अंकात…" काकांनी जीभ चावली. हातातली किटली घाईघाईने पुसायला घेतली.

"दुसऱ्या अंकात काय?"

"काही नाही," काका म्हणाले, आणि कोरडीच असलेली दुसरी किटलीही पुसायला लागले.

४

संशयितांमध्ये माझा आवडता उमेदवार अजून बाकी होता. मंडळीचा माजी नायक. सगळे त्याला 'हिरो' म्हणत. आप्पांशी भांडण झालं आणि त्याला घालवून दिलं गेलं. आता तो पुढच्या चौकात गाद्यांच्या दुकानात विक्री करत होता. आम्ही गेलो तेव्हा एका गिऱ्हाइकाला गादी किती मऊ आहे हे दाखवण्यासाठी तो स्वतःच तिच्यावर आडवा पडून स्वगत म्हणत होता. गिऱ्हाईक भारावून गेलं होतं, पण गादी न घेताच गेलं.

"आप्पांच्या टकलावर जाहिरात?" हिरो उठून बसला आणि पोट धरून हसला. "ज्याने केलं त्याला माझ्यातर्फे एक उशी फुकट! पण मी नाही. मला गरजच काय? आप्पांच्या मनात मी अजून आहे."

"काढलं ना तुम्हाला?"

"मंडळीतून काढलं, मनातून नाही. हे बघा." त्याने फोन पुढे केला. "मी कधीमधी माझं नाव शोधतो."

नटांची ही जात एकच, हे माझ्या लक्षात आलं. पडद्यावर मंडळीच्याच साइटचं पान होतं. तीच मांडणी, तेच बोधचिन्ह, आणि 'प्रमुख भूमिकेत' या शब्दांखाली हिरोचा हसरा फोटो.

"हे पान मी खूण करून ठेवलंय. मन खट्टू झालं की उघडतो. इतकी नाटकं आली नि गेली, पण माझं नाव खोडायचा आप्पांना धीर झाला नाही," हिरो हळव्या आवाजात म्हणाला. "माणूस रागीट आहे, पण प्रेम असतं हो."

मी मनात नोंद केली: ताईंचा निष्काळजीपणा. दर सोमवारी हिरव्या खुणा करणाऱ्या बाईला गेलेल्या नटाचा फोटो काढायला सुचलं नाही! वहिनींनी मात्र फोन हातात घेतला आणि फोटोकडे न बघता वरच्या पट्टीतला पत्ता वाचला. पुन्हा वाचला. मग आपल्या पिशवीतून लॅपटॉप काढून त्या चक्क दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसल्या. हिरोने त्यांना पाठीला उशी दिली. बराच वेळ नुसता टकटक आवाज येत राहिला.

शेवटी त्यांनी लॅपटॉप मिटला. "भावजी, गाडी काढा. ताईंनी काही केलेलं नाही."

"मग कोणी?"

"ज्याने केलं त्याला आप्पा कोण हेसुद्धा माहीत नाही. पण त्याच्यासाठी मागचं दार उघडं ठेवणारा माणूस त्याच इमारतीत आहे." गाडीत बसल्यावर त्या पुढे म्हणाल्या, "आणि एक अडचण आहे. त्या वेळी ताई कुठे होत्या हे एकाच माणसाच्या तोंडून यायला हवं. आणि तो जीव गेला तरी सांगणार नाही."

५

संध्याकाळच्या प्रयोगाचं नेपथ्य लागलं होतं. रंगमंचावर खोटा दिवाणखाना, मधोमध खुर्चीत आप्पा, बाजूला दोन किटल्या घेतलेले काका. ताईंनाही बोलावलं होतं. त्या सगळ्यांसमोर यायला लाजल्या आणि विंगेतच, पाटीखालच्या एका स्टुलाजवळ उभ्या राहिल्या. डबा काखेत होता.

"नाव सांगा आणि मोकळे व्हा," आप्पा म्हणाले.

"आधी एक प्रश्न. गोळ्या फक्त तुमच्याच पानावर आहेत, असं तुम्हाला का वाटलं?"

"दिसल्या म्हणून!"

"कारण तुम्ही फक्त स्वतःचंच नाव शोधलंत. काकांनी मंडळीचं नाव शोधलं, त्यांना पहिल्या पानावर गोळ्या दिसल्या. मी मघाशी पाहिलं, शोधून आलात तर साइटच्या प्रत्येक पानावर त्याच गोळ्या आहेत. तिकिटांच्या पानावर, अगदी पोचायच्या रस्त्याच्या नकाशावरसुद्धा. जो पत्ता टाकून किंवा खूण दाबून येतो, त्याला मात्र साइट जशीच्या तशी दिसते. ताई रोज खूण दाबून येतात. त्यामुळे ताई खोटं बोलत नव्हत्या."

"पण असं दुहेरी कशाला करेल कुणी?"

"घरच्यांना कळू नये म्हणून. रोजच्या माणसांना सगळं ठीक दिसतं, आणि बाहेरून येणाऱ्यांना परस्पर गोळ्यांच्या दुकानात पाठवलं जातं. ही नेहमीची पद्धत आहे. हे माणूस बसून करत नाही, आप्पा. एक प्रोग्राम दिवसभर जगातल्या साइटींची दारं ढकलत फिरतो. जे उघडं सापडेल तिथे शिरतो. त्याला तुमचं नाव माहीत नाही, की तुमचं डोकं."

आप्पांनी टकलावरून हात फिरवला. "म्हणजे त्याने मला ओळखलंसुद्धा नाही?" त्यांच्या आवाजात सुटकेपेक्षा दुःखच जास्त होतं.

"नाही."

"पण नाव ताईंचं कसं आलं? ती तर म्हणते, सगळं अपडेट आहे!"

"आहेच. ताईंनी पुढचं दार इतकं घट्ट लावलंय की मीही तिथून शिरू शकले नसते. म्हणून मला कोडं पडलं होतं. ते सुटलं गाद्यांच्या दुकानात." वहिनींनी लॅपटॉप आप्पांपुढे धरला. हिरोचा हसरा फोटो बघून आप्पांच्या कपाळावर आठी पडली. "ताईंनी याचा फोटो केव्हाच काढला होता. तरी तो इथे हसतोय. कारण ही ताईंची साइटच नाही. ही तिची हुबेहूब नक्कल आहे, फार जुनी, त्याच जागेत शेजारी उभी करून ठेवलेली. ताईंना तिचा पत्ताच नाही, म्हणून तिचं अपडेट कधी झालं नाही. हिच्यातल्या फोटोंच्या प्लगइनमध्ये भोक आहे. कंपनीने ते जाहीर केलं, बुजवायचा उपायही दिला. ताईंनी आपल्या साइटवर तो त्याच सोमवारी लावला. इथे कोण लावणार? काल दुपारी तो प्रोग्राम या भोकातून आत आला. दोन्ही साइटी एकाच जागेत, त्यामुळे आतल्या आत इकडून तिकडे गेला. आतून आलेल्याला पासवर्ड लागत नाही. आणि आत खुंटीवर एकाच माणसाचं नाव टांगलेलं होतं, तेच अंगावर चढवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तुम्ही घरभेदी शोधत होतात, आणि मागच्या दाराला कडीच नव्हती."

"हे तुमचं म्हणणं," आप्पा म्हणाले. पण आवाज उतरला होता. "तरी ती दुसऱ्या अंकात खिडकीत नव्हती, हे तिनेच सांगितलंय. मग होती कुठे?"

"तुम्हीच सांगा. काल दुसऱ्या अंकात तुम्ही कितीदा अडखळलात?"

काकांच्या किटलीचं झाकण वाजलं.

"मी?" आप्पा उभे राहिले. "एकदाही नाही! मी आयुष्यात ओळ विसरलेलो नाही. साइटवर लिहिलंय!"

विंगेत ताईंनी मान खाली घातली. मी त्या स्टुलाकडे बघितलं. फक्त रंगमंच दिसेल अशा बेताने ते ठेवलं होतं, आणि त्याची बैठक झिजून गुळगुळीत झाली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खिडकीपाशी ताईंचे ओठ हलत होते ते देवाच्या नावाने नव्हे! भिंतीपलीकडच्या तालमीतली आप्पांची एकेक ओळ त्या आप्पांच्याही आधी म्हणत होत्या. स्मरणशक्तीचा चमत्कार होता खराच, पण तो विंगेत स्टुलावर बसायचा. शब्द द्यायचे आणि दिले असं कधी म्हणायचं नाही, हा त्यांचा धर्म. तो पाळण्यासाठी बाई चोर ठरून घरी जायला निघाली होती.

"ठीक आहे," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "ते राहू द्या. मग एवढंच सांगा, ही जुनी नक्कल ठेवायला कोणी सांगितलं?"

"त्या मूर्खाला माझ्यासमोर उभा करा!" आप्पांना आता हक्काचा राग सापडला. ते रंगमंचाच्या पुढच्या कडेपर्यंत आले, हात उंचावला, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "ज्याने माझ्या मंडळीच्या पाठीमागे, मला न विचारता, असली दुसरी साइट उभी केली, त्याला मी…"

बोलता बोलता ते विंगेकडे वळले. समोर पाटी होती. 'एकच असेल तर काहीच नाही.'

काका खाकरले. "आप्पा, ती साइट बनवणारे गृहस्थ परदेशी जायला निघाले होते, त्या दिवशी मी इथेच होतो. तुम्ही त्यांना म्हणालात, किटलीला बदली आहे, तर साइटला का नको? मुख्य साइट आजारी पडली तर दुसरी उभी राहिली पाहिजे."

आप्पांचा हात वरच राहिला. तोंड उघडं होतं, पण शब्द येत नव्हता. मी पुष्कळ नाटकं बघितली आहेत, पण इतका लांब विराम बघितला नाही. ते समोर बघायचे, वर बघायचे, पुन्हा समोर बघायचे. बिचाऱ्यांना पुढचं वाक्य खरोखरच सापडत नव्हतं.

तेवढ्यात विंगेतून, अगदी हलक्या पण स्वच्छ आवाजात, दोन शब्द आले.

"माझं चुकलं."

सवय वाईट असते. आवाज कुणाचा हेही आप्पांनी बघितलं नाही. मान ताठ केली, छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माझं चुकलं!"

म्हटल्यावर त्यांना कळलं, आपण काय म्हटलं. आणि कसं म्हटलं.

ताईंनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. त्यांच्या काखेतला डबा धाडकन खाली पडला आणि शिक्के-पेनं रंगमंचभर घरंगळली.

"झालं," वहिनी म्हणाल्या. "काल दुसऱ्या अंकात ताई कुठे होत्या, त्याचाही पुरावा मिळाला."

मग आप्पा हळूच खाली वाकले. गुडघे कुरकुरले. त्यांनी एकेक शिक्का, एकेक पेन गोळा करून डब्यात ठेवलं आणि डबा ताईंच्या हातात दिला.

"खिडकीत ठेव जागेवर," ते म्हणाले. मग थोडं थांबून स्वतःच्या शब्दांत म्हणाले, "आणि मघाशी जे म्हटलं ना, ते पाठांतर नव्हतं."

ताई हसल्या आणि रडल्या, आणि यातलं आधी काय केलं ते त्यांनाही सांगता येणार नाही. काकांनी लगेच चहा आणला. दोन्ही किटल्यांतून.

६

चहा पिता पिता वहिनींनी साइट बंद केली, गोळ्यांची घाण साफ केली, ताईंच्या जवळ असलेली मागच्या आठवड्याची स्वच्छ प्रत लावली, पासवर्ड बदलले आणि जुनी नक्कल पुसून टाकली. हिरोचा फोटो गेला याचं मला जरा वाईट वाटलं. मी तो आधीच माझ्या फोनवर उतरवून त्याला पाठवून दिला होता.

"म्हणजे बदली ठेवायचीच नाही?" आप्पांनी विचारलं. आपला सिद्धांत बुडाला की काय, या काळजीत ते होते.

"ठेवायची की! ताईंची प्रत होती म्हणूनच तर आज वाचलात. पण ती काकांच्या खोलीसारखी कुलपात ठेवायची. रंगमंचावर उजेडात उभी करून विसरून जायची नाही. आणि जे उजेडात उभं आहे, त्या प्रत्येकाचा सोमवार चुकवायचा नाही. किटली पडून राहिली तर फार तर गंजते. साइट पडून राहिली तर दुसऱ्याच्या कामी येते."

आप्पांनी मान डोलावली. मग ताईंकडे वळून म्हणाले, "अजून एक बदल करायचा आहे साइटवर. माझ्या पानावर."

संध्याकाळचा प्रयोग आम्ही विंगेतून बघितला. स्टुलावर ताई होत्या, हातात काही नव्हतं, सगळं तोंडपाठ. दुसऱ्या अंकात आप्पा एका ठिकाणी अडकले. ताईंनी शब्द दिला. आप्पांनी तो घेतला, आणि घेताना, नाटकात कुठेच नसलेली एक गोष्ट केली. विंगेकडे बघून त्यांनी किंचित मान लववली. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते बहुधा त्यालाही कळलं नसावं.

परत निघायला गाडीत बसल्यावर मी फोन काढला आणि आप्पांचं नाव शोधलं. पान उघडलं, आणि या वेळी उघडंच राहिलं. टक्कल झळकत होतं. 'प्रॉम्प्टरशिवाय' ही ओळ गेली होती. तिच्या जागी नवी ओळ होती: 'यांना शब्द देतात तिकीटताई. त्यांना बदली नाही.'

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "फोन ठेवा आणि गाडी सुरू करा."

मी गाडी सुरू केली.